विश्लेषण : जनुक बापाचे, मांस जास्त! डुकरांच्या वाढीचा जनुकीय नकाशा काय सांगतो?

दोन रानडुकरे, आठ पाळीव माद्या आणि त्यांची २०० नातवंडे. स्वीडनमधील या एका कुटुंबाच्या अभ्यासातून १९९४ मध्ये डुकराची वाढ आणि चरबी यांच्यावर मोठा परिणाम करणारी जागा पहिल्यांदा गुणसूत्रावर बोट ठेवून दाखवता आली. पुढच्या दहा वर्षांत हा शोध दुसऱ्या एका गुणसूत्रावर थेट डीएनएच्या एका अक्षरापर्यंत पोहोचला. गंमत अशी की, ते अक्षर पिल्लाला बापाकडून मिळाले तरच कामाचे. आईकडून मिळाले तर त्याचा काही उपयोग नाही. मात्र जास्त मांस देणारे प्रत्येक जनुक असे निरुपद्रवी नसते. काहींनी शेतकऱ्यांचे कळपच्या कळप अडचणीत आणले. ही जनुके शोधली कशी, त्यांनी काय दिले आणि भारतातील देशी डुकरांशी त्यांचा काय संबंध, याविषयी…

जनुकांचा नकाशा हवाच कशाला?

शेतकरी हजारो वर्षे नकाशाशिवायच निवड करत आला आहे. चांगले वाढणारे नर-मादी ठेवायचे, बाकीचे विकायचे. आजची लांब, पांढरी, भराभर वाढणारी व्यापारी डुकरे याच पद्धतीने तयार झाली. पण या निवडीत एक अडचण कायम असते. वजन, पाठीवरील चरबीची जाडी, मांड्यांचा भरीवपणा हे गुण एका जनुकावर ठरत नाहीत. अनेक जनुके, खाद्य, आजारपण, गोठ्यातील हवा असे सगळे मिळून ते ठरते. शिवाय मांसाची प्रत कापल्याशिवाय कळत नाही आणि कापलेल्या जनावरापासून पैदास करता येत नाही. जन्मलेल्या पिल्लाच्या केसाच्या मुळातून किंवा कानाच्या तुकड्यातून त्याचे भवितव्य ओळखता आले, तर सहा महिने खाऊ घालून वाट पाहावी लागणार नाही, हा या संशोधनामागचा व्यवहार.

डुकराच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या, म्हणजे ३८ गुणसूत्रे असतात. त्यावर डीएनएची अडीच अब्जांहून अधिक अक्षरे आहेत. यातील कोणत्या ठिकाणी वजनाशी किंवा चरबीशी संबंधित फरक दडला आहे, ते शोधणे म्हणजे नकाशा तयार करणे. अशा जागेला संशोधक ‘क्यूटीएल’ म्हणतात. मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणारा गुणसूत्राचा पट्टा, एवढाच त्याचा अर्थ. जनुक सापडले, असा तो दावा नसतो.

रानडुक्कर आणि पाळीव डुकराचा संकर का केला?

फरक जितका मोठा, तितका त्याचा माग काढणे सोपे. युरोपातील रानडुक्कर सावकाश वाढते आणि अंगावर चरबी धरून ठेवते. थंडीत ती त्याला जगवते. ‘लार्ज व्हाइट’ ही पांढरी पाळीव जात झपाट्याने वाढते आणि तिच्या अंगावर मांस जास्त, चरबी कमी. उप्साला येथील स्वीडिश कृषी विद्यापीठातील लेफ अँडरसन आणि सहकाऱ्यांनी या दोघांचा संकर केला. पहिल्या पिढीतील प्रत्येक पिल्लाकडे गुणसूत्रांचा एक संच रानडुकराचा, एक पाळीव जातीचा. ही पिढी सगळी साधारण एकसारखी, तिच्यातून फारसे कळत नाही. खरी माहिती दडलेली असते ती या संकरित भावंडांच्या पुढच्या पिढीत. कारण वीर्य आणि बीजांडे तयार होताना आजी-आजोबांची गुणसूत्रे तुटतात, एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक नातवंडाच्या वाट्याला वेगळाच डाव येतो.

या २०० नातवंडांची वजने झाली, चरबी मोजली गेली, लहान आतड्याची लांबीसुद्धा मोजली गेली. दुसरीकडे गुणसूत्रांवरील शंभराच्या आसपास ठिकाणे मैलाच्या दगडांसारखी खूण म्हणून निवडून प्रत्येक जनावरात त्या जागेचा तुकडा रानडुकराकडून आला की पाळीव मादीकडून, हे तपासले गेले. पुढचे काम हिशेबाचे. एखाद्या खुणेपाशी रानडुकराचा तुकडा असलेली जनावरे सरासरीने जास्त चरबीची निघाली, तर त्या खुणेच्या आसपास काहीतरी आहे. चौथ्या गुणसूत्रावर नेमके हेच दिसले. तिथला एकच पट्टा वाढीचा वेग, चरबी आणि लहान आतड्याची लांबी या तिन्ही बाबतींतील फरकाचा मोठा वाटा उचलत होता. ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसातील लठ्ठपणा समजून घेण्यासाठीही त्याचा उपयोग होईल, असे त्यात नोंदवले होते.

पण अशा अभ्यासातून हाती लागतो तो तालुका. घर क्रमांक नाही. एका पट्ट्यात शेकडो जनुके असू शकतात. चौथ्या गुणसूत्रावरील त्या पट्ट्याचा पाठपुरावा पुढे कित्येक वर्षे चालला. घर क्रमांकापर्यंत पोहोचण्याची गोष्ट मात्र दुसऱ्या गुणसूत्रावर घडली.

आईकडून आलेले जनुक गप्प का राहते?

१९९९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दोन शोधनिबंध पाठोपाठ प्रसिद्ध झाले. एक उप्सालाच्या गटाचा, दुसरा बेल्जियममधील लिएज विद्यापीठातील मिशेल जॉर्ज यांच्या गटाचा. उप्सालाचा संकर रानडुकराचा होता. लिएजचा संकर ‘पिएत्रां’ या अतिशय मांसल बेल्जियन जातीचा होता. जाती वेगळ्या, देश वेगळे, पण दोघांचे बोट एकाच जागी गेले : दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकाकडील ‘आयजीएफ-२’ या जनुकाच्या परिसरात. स्नायूंचे प्रमाण, चरबी आणि हृदयाचा आकार यांवर तिथल्या फरकाचा परिणाम होत होता. आणि दोघांनाही एकच चमत्कारिक गोष्ट दिसली. मांसल प्रकार बापाकडून आला असेल तरच पिल्लू मांसल होत होते.

शाळेत शिकलेल्या मेंडेलच्या नियमांत हे बसत नाही. तिथे आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या प्रती समसमान असतात. पण सस्तन प्राण्यांत मोजकी जनुके अशी आहेत, ज्यांच्या एका प्रतीवर आधीच ‘बंद’ असा शिक्का मारलेला असतो. आयजीएफ-२ हे त्यांपैकी सर्वात परिचित. गर्भाच्या आणि पिल्लाच्या वाढीला चालना देणारे प्रथिन ते तयार करते आणि बहुतेक पेशींत त्याची बापाकडून आलेली प्रतच चालते. माणसातही हेच आहे. आईकडच्या प्रतीवरील हा शिक्का निघाला आणि दोन्ही प्रती चालू झाल्या, तर बाळ जन्मतःच प्रमाणाबाहेर मोठे असू शकते. बेकविथ-वीडेमन या विकारात असे घडते.

डुकरातील नेमका बदल २००३ मध्ये सापडला. उप्साला आणि लिएज या दोन्ही गटांनी हातमिळवणी करून मांसल आणि सामान्य प्रकारांची गुणसूत्रे अक्षर-अक्षर ताडून पाहिली. उत्तर अनपेक्षित जागी होते. जनुकाचा जो भाग प्रथिनाची कृती सांगतो, तिथे नाही. तर मधल्या ज्या भागाला पूर्वी बिनकामाचा समजले जाई, तिथे एका ‘जी’च्या जागी ‘ए’ आले होते. प्रथिन तेच राहिले, मात्र जन्मानंतर स्नायूंत जनुकाचा संदेश सुमारे तिप्पट होऊ लागला. जिथे एखादा आवर घालणारा रेणू येऊन बसायचा, ती बैठकच या बदलाने मोडली होती. हा आवर घालणारा रेणू कोणता, ते २००९ मध्ये कळले. ‘झेडबेड-६’ हे त्याचे नाव. हे जनुक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी सस्तन प्राण्यांच्या पूर्वजात शिरलेला, जागा बदलत फिरणारा डीएनएचा एक तुकडा. कालांतराने तो तिथेच स्थिरावला आणि कामाला लागला.

या एका अक्षराचा व्यवहारात उपयोग कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. व्यापारी वराहपालनात पित्याच्या आणि मातेच्या ओळी वेगळ्या जोपासल्या जातात. पित्याच्या ओळीकडून भरपूर मांस हवे असते. मातेच्या ओळीकडून मोठी वेत, भरपूर दूध आणि अनेक वेतांपर्यंत टिकणारी प्रकृती; त्यासाठी मादीच्या अंगावर थोडी चरबी असलेली बरी. एरवी या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. पण आयजीएफ-२ मध्ये आईची प्रत गप्पच असल्याने सोय झाली. नरांच्या ओळीत मांसल प्रकार पक्का करायचा, माद्यांच्या ओळीत जुनाच ठेवायचा, तरी विक्रीला जाणारे पिल्लू मांसल. पशुपैदाशीत इतका सुटसुटीत तोडगा क्वचितच हाती लागतो.

जास्त मांसाची किंमत कोणती?

नेमका याच्या उलट अनुभव आधी येऊन गेला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात चरबीला मागणी घटली आणि कमी चरबीच्या मांसाला भाव मिळू लागला. पैदासकारांनी सर्वात मांसल, घट्ट मांड्यांचे नर निवडले. पिएत्रां, लँडरेस, पोलंड चायना अशा जातींत हे जोरात झाले. आणि मग धडधाकट दिसणारी डुकरे गाडीत चढवताना, एकमेकांशी झुंजताना किंवा नुसती पळवली तरी मरू लागली. अंग ताठ होई, शरीराचे तापमान भराभर चढे, कातडीवर चट्टे उठत आणि जनावर कोसळे. जी कत्तलखान्यापर्यंत पोहोचत, त्यांचे मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणी सुटणारे निघे. ग्राहक ते घेत नसे.

ही डुकरे ओळखण्यासाठी १९७० च्या दशकात एक चाचणी रूढ झाली. पिल्लाला काही मिनिटे हॅलोथेन हा भुलीचा वायू हुंगवायचा. पाय ताठ झाले की ते दोषी. पण ही चाचणी अर्धवट होती. दोन्ही प्रती सदोष असलेले पिल्लू तिच्यात सापडे. एकच सदोष प्रत असलेले बहुतेक वेळा सहीसलामत सुटे आणि पुढच्या पिढीत दोष पेरत राही. शिवाय हे वाहक नर अंगाने जरा जास्तच मांसल असल्याने पैदाशीसाठी पहिली निवड त्यांचीच होई. म्हणजे शेतकरी दोष हटवतो आहे असे समजून तोच जोपासत होता.

१९९१ मध्ये कॅनडातील टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी कारण शोधले. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो आणि तो सोडणारे एक दार असते. स्नायू आकसायचा तेव्हा दार उघडते, मग बंद होते. हे दार तयार करणाऱ्या ‘आरवायआर-१’ जनुकात एक अक्षर बदलले होते आणि दार नीट बंद होत नव्हते. स्नायू आकसतच राहतो, उष्णता वाढतच जाते. सतत हलका व्यायाम घडल्यासारखे होऊन स्नायू भरीव दिसतात, असेही स्पष्टीकरण त्यावर दिले जाते. वेगवेगळ्या जातींत आढळलेला हा बदल मुळात एकाच पूर्वजाकडून आला असावा, असेही त्या अभ्यासातून दिसले. एखादा लोकप्रिय नर आणि त्याची मागणी देशोदेशी कशी पसरते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. डीएनए चाचणी आल्यावर वाहकही ओळखता येऊ लागले आणि अनेक ओळींतून हा दोष हटवला गेला. लिएजमध्ये तर पिएत्रांचा मांसलपणा राखून हा दोष नसलेली वेगळी ओळ तयार करण्यात आली.

या आजारी डुकरांचे ऋण माणसांवरही आहे. काही माणसांना भूल दिल्यावर अशीच अवस्था येते. तापमान चढते, स्नायू ताठ होतात आणि वेळीच उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. यात बऱ्याचदा तेच आरवायआर-१ जनुक दोषी असते. त्यावरील ‘डँट्रोलिन’ हे औषध प्रभावी ठरते, हे दक्षिण आफ्रिकेतील भूलतज्ज्ञ गेसफर्ड हॅरिसन यांनी १९७५ मध्ये दाखवले ते अशाच डुकरांवर. आजही शस्त्रक्रियागृहातील या संकटावरचे औषध तेच आहे.

‘हॅम्पशायर’ या काळ्या अंगाच्या, खांद्यावर पांढरा पट्टा असलेल्या जातीत दुसरा प्रश्न होता. तिच्या स्नायूंत साखरेचा साठा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त असे. कापल्यावर तिचे आम्ल बने, मांस आंबटसर होई आणि शिजवलेला हॅम तयार करताना वजनात घट येई. हॅम उत्पादकांना तोटा होत होता. २००० मध्ये ‘पीआरकेएजी-३’ या जनुकातील बदल त्यामागे असल्याचे सिद्ध झाले.

पाठ लांब कशामुळे झाली?

रानडुकराच्या छाती आणि कमरेच्या भागात मिळून १९ मणके असतात. व्यापारी जातींत ते २१ ते २३ आहेत. मानेचे मणके मात्र दोघांतही सातच. पाठ लांब म्हणजे बेकनसाठी मांस जास्त, म्हणून पैदासकार लांब पाठीची जनावरे निवडत गेले आणि नकळत मणके वाढवत गेले. जपानी संशोधकांनी यामागील दोन जागा शोधल्या : पहिल्या आणि सातव्या गुणसूत्रावर. मणक्यांची संख्या हा सस्तन प्राण्यांत सहसा न ढळणारा आकडा. तो काही शतकांच्या निवडीत सरकला, हे जीवशास्त्रज्ञांनाही नवल वाटण्यासारखे होते.

सातव्याच गुणसूत्राने आणखी एक धक्का दिला. चीनमधील मेइशान ही सुरकुतलेल्या चेहऱ्याची, एका वेतात १५-१६ पिल्ले देणारी, सावकाश वाढणारी आणि अत्यंत चरबीदार जात. तिचा युरोपीय जातींशी संकर केला, तेव्हा सातव्या गुणसूत्रावरील एका पट्ट्यात मेइशानचा प्रकार चरबी कमी करणारा निघाला! चरबीसाठी प्रसिद्ध असलेल्या जातीतही चरबी घटवणारे जनुक लपलेले असू शकते. नुसते जनावर पाहून ते कळत नाही. देशी जातींकडे ‘उत्पादन कमी’ म्हणून पाहणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

मग हा नकाशा पूर्ण झाला का?

नाही, आणि तसा तो होईल असेही आता कोणी मानत नाही. आयजीएफ-२ सारखी मोठा परिणाम करणारी जनुके मोजकीच. वाढीचा उरलेला फरक हजारो ठिकाणी कणाकणाने विखुरलेला आहे. २००९ मध्ये एकाच वेळी ६० हजारांहून अधिक खुणा तपासणारी चिप आली, २०१२ मध्ये एका ड्युरॉक मादीच्या डीएनएचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यानंतर पैदास कंपन्यांनी एकेका जनुकाच्या मागे लागणे कमी केले. सर्व खुणांचा एकत्रित हिशेब करून पिल्लाची गुणवत्ता आधीच वर्तवायची, ही २००१ मध्ये मांडली गेलेली पद्धत आता मोठ्या कंपन्यांत नित्याची आहे. तिच्यात ‘कोणते जनुक’ हा प्रश्न विचारलाच जात नाही. फायदा झपाट्याने होतो. मात्र आरवायआर-१ सारखे एखादे छुपे नुकसान गुणांबरोबर वाहून येत असेल, तर ते समजून घ्यायला पुन्हा नकाशाच उघडावा लागतो.

वाढीची जनुके उलट दिशेनेही कामाला आली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात डुकराचे हृदय माणसात बसवण्यात आले. त्या डुकरात दहा जनुकीय बदल केले होते. त्यातील एक बदल वाढीच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे जनुक बंद करण्याचा होता. नाहीतर हृदय माणसाच्या छातीत वाढतच राहण्याची भीती होती. रुग्ण सुमारे दोन महिने जगला.

भारतातील देशी डुकरांचे काय?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे आहेत. २०१२ च्या तुलनेत ही संख्या १२ टक्क्यांनी घटली. सर्वाधिक डुकरे आसाममध्ये आहेत आणि ईशान्येकडील राज्यांत ती घरोघरची बचत असते : मुलाची फी, घरातले आजारपण, लग्न यासाठी विकता येणारी. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात शिरला आणि या भागातील हजारो डुकरे मेली. परदेशात ज्यांचे जनुकीय नकाशे तीस वर्षांपूर्वी तयार होऊ लागले, त्या जातींचा वंश जगभर विखुरलेला आणि सुरक्षित आहे. आपल्याकडे एकाच जिल्ह्यापुरत्या उरलेल्या जातीला अशी एक साथ पुरते.

पश्चिम बंगालमधील घुंगरू, मेघालयातील नियांग मेघा, नागालँडमधील तेन्यी वो, आसाममधील डूम अशा जातींची कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद झाली आहे. गोव्यातील काळ्या रंगाची ‘आगोंद गोवन’ ही त्यांपैकीच एक. काणकोण तालुक्यातील आगोंद गावाचे नाव तिला मिळाले. किनाऱ्यावरील दमट उष्म्यात आणि घरातील उरल्यासुरल्या अन्नावर ती तग धरते. तिच्या अंगावरील चरबी युरोपीय मापाने दोष ठरेल. पण व्हिनेगर-मिरचीत मुरवलेल्या ‘चोरिस’ला चरबीच लागते. कोणता गुण चांगला, हे ताटात काय वाढायचे आहे त्यावरही ठरते.

देशी जातींचा परदेशी जातींशी संकर आपल्याकडे सर्रास होतो. गुवाहाटीजवळील राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर आणि घुंगरू यांच्यापासून ‘राणी’ ही संकरित जात तयार केली, पुढे तिचा ड्युरॉकशी संकर करून ‘आशा’. असे शास्त्रीय कार्यक्रम सोडले, तर गावोगावी परदेशी रक्ताचा नर हातोहात फिरतो आणि त्याची वंशावळ कोणी विचारत नाही. आरवायआर-१ आणि पीआरकेएजी-३ या दोन्ही जनुकांची चाचणी केसाच्या मुळातून होते आणि ती एकदाच करावी लागते. कृत्रिम रेतनासाठी वीर्य देणाऱ्या नरांपासून तिची सुरुवात करता येईल, कारण अशा एकाच नराची पिल्ले शेकडो घरांत पोहोचतात.